सही शिकलो, आता पुन्हा अंगठा?

बैठकीत वाचायचा पाठ : मोबाईल, आपलं लक्ष आणि आपला गट



हा पाठ एकीने मोठ्याने वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा आहे. मध्ये मध्ये थांबून बोलायच्या जागा दिल्या आहेत. एका बैठकीत पुरा झाला नाही तर दोन बैठकांत घ्या. सुरुवात करण्याआधी सगळ्यांनी फोनचा आवाज बंद करून फोन एका टोपलीत ठेवा. ज्या ताईच्या घरी आजारपण आहे, लहान बाळ आहे, तिने आपला फोन जवळ ठेवला तरी चालेल.

अंगठा ते सही

जुन्या सदस्यांना आठवत असेल. गटात येण्याआधी आपल्यापैकी कित्येक जणी कागदावर अंगठा लावायच्या. कागद जमिनीचा असो, कर्जाचा असो, कोणीतरी शाईचं पॅड पुढं करायचं, "इथं लाव" म्हणायचं आणि आपण लावायचो. त्यावर काय लिहिलंय ते विचारायची सोय नव्हती. म्हणून गटात आल्यावर पहिलं काम कोणतं झालं? सही शिकणं. पाटीवर, वहीवर, चुलीपुढच्या राखेतसुद्धा नाव गिरवून गिरवून आपण सही शिकलो. सही म्हणजे नुसतं नाव नव्हतं. मी ऐकलं, मला समजलं, मग मी हो म्हटलं, असा तिचा अर्थ होता.

आता आजचं चित्र बघू. बऱ्याच गटांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. समजा, सचिव ताई ग्रुपवर लिहितात, "या महिन्यात अमुक ताईंना वीस हजार कर्ज देत आहोत, सर्वांनी संमती कळवावी." खाली भराभर अंगठ्याची चित्रं येतात. एकीने भाकरी थापता थापता दाबलेलं असतं, एकीने एसटीत. एकीचा फोन पोराच्या हातात होता, त्यानेच दाबून टाकलं. तिसऱ्या दिवशी वहीत ठराव लिहिला जातो, "सर्वानुमते मंजूर."

आता विचार करा. त्या शाईच्या अंगठ्यात आणि या पिवळ्या अंगठ्यात फरक किती राहिला?

या पाठात एवढंच समजून घ्यायचं आहे. फोन चांगला की वाईट, हा वाद आपल्याला घालायचा नाही. फोनवर काय करायचं आणि समोरासमोर बसून काय करायचं, हे आपल्याला वेगळं करता आलं पाहिजे.

निरोप वेगळा, बोलणं वेगळं

फोनने आपलं किती काम हलकं केलं! पूर्वी बैठकीची वेळ बदलली की एक जण घरोघर फिरायची. बँकेत साहेब आहेत की नाहीत हे कळायला तालुक्याला जाऊन हेलपाटा घालायचा. बाजारात टोमॅटोला काय भाव आहे ते गेल्याशिवाय कळत नव्हतं. माहेरची खुशाली तर बाजाराला आलेल्या कोणाकडून तरी कळायची, तीसुद्धा अर्धीमुर्धी. आता सासरी असलेल्या लेकीशी रोज दोन शब्द बोलता येतात. हे सगळं फोनने दिलं. ते नाकारायचं कारण नाही.

पण हे सगळं काय आहे? निरोप आहे. निरोप पोचवण्यात फोनचा हात कोणी धरणार नाही.

बोलणं मात्र निराळं असतं. बैठकीत एखादी ताई म्हणते, "मला पाच हजार पाहिजेत, खतासाठी." तोंडाने ती खत म्हणते, पण नजर खाली असते, आवाज अडकतो. शेजारी बसलेली ओळखते की प्रकरण खताचं नाही. बैठक संपल्यावर ती तिला बाजूला घेऊन विचारते. मग कळतं, दवाखान्याचं बिल आहे, किंवा सावकार दारात येऊन बसलाय, किंवा घरात मारझोड चालू आहे. हाच अर्ज ग्रुपवर आला असता तर? "५००० पाहिजे खत साठी." खाली अंगठे. कर्ज मिळालं असतं, पण ताई एकटीच राहिली असती.

आपला गट कशावर उभा आहे ते आठवा. नाबार्डने १९९२ साली बचत गटांना बँकेशी जोडायचा कार्यक्रम सुरू केला. बायांकडे जमीन नाही, सोनं नाही, तारण ठेवायला काही नाही. मग बँकेने कर्ज द्यायचं कशाच्या भरवशावर? गट नियमित बसतो का, नियमित बचत करतो का, आपसात कर्ज देतो का, ते परत फेडतो का, नोंदी नीट ठेवतो का, या पाच गोष्टींच्या भरवशावर. यालाच आपण पंचसूत्री म्हणतो. पुढे तिची दशसूत्री झाली, पण पहिलं सूत्र तेच राहिलं : नियमित बैठक. बचतीच्याही आधी बैठक. कारण एकमेकींना ओळखणं हेच आपलं तारण आहे. कोणाचं काय चाललंय, कोण अडचणीत आहे आणि कोण टाळाटाळ करतेय, हे शेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

काही गटांत आता असं होऊ लागलंय की बचतीचे पैसे फोनवरून येतात, सह्यांसाठी वही घरोघर फिरते आणि बैठक कागदावर होते. पैसा जमतोय, हप्ता जातोय, म्हणून कोणाला काही चुकतंय असं वाटत नाही. एखादीचे दोन हप्ते थकले की मात्र कळतं. तिच्या घरी जाऊन काय बोलायचं हेच कोणाला सुचत नाही, कारण सहा महिन्यांत तिच्याशी कोणी बोललेलंच नसतं.

(इथे थांबा. आपल्या गटात मागच्या तीन महिन्यांत सगळ्या जणी किती वेळा एकत्र बसलो? वही उघडून मोजा.)

एका वेळी दोन ठिकाणी लक्ष राहतं का?

तुम्ही म्हणाल, आम्हा बायांना एका वेळी चार कामं करायची सवय आहे. चुलीवर भात, मांडीवर लेकरू, तोंडाने सासूबाईंशी बोलणं. खरं आहे. मग बैठकीत बसून फोन बघितला तर काय बिघडतं?

फरक असा आहे. भाकरी थापायचं काम हाताच्या सवयीचं असतं, त्याला डोकं लागत नाही, म्हणून तोंड मोकळं राहतं. पण नोटा मोजताना कोणी शेजारून "पंचवीस, तीस, सत्तावीस" असे आकडे म्हणायला लागलं की काय होतं? मोजणी चुकते. कारण दोन्ही कामांना डोक्याचा एकच कोपरा लागतो. मेसेज वाचणं आणि माणसाचं ऐकणं, ही दोन्ही शब्दांची कामं आहेत. ती एकाच वेळी होत नाहीत. आपण फक्त इकडून तिकडे उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीला काहीतरी सांडतं.

सोफी लेरॉय नावाच्या संशोधिकेने २००९ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. एक काम अर्धवट सोडून माणूस दुसऱ्या कामाला लागला, की मनाचा एक भाग पहिल्या कामातच अडकून राहतो आणि दुसरं काम कच्चं होतं, असं त्यात दिसलं. आपल्याला हे अनुभवाने माहीत आहे. दूध उतू जातंय का, ही काळजी डोक्यात असताना कोणी बोललं तर शब्द कानावर पडतात, पण आत जात नाहीत. बैठकीत फोन वाजला, नणंदेचा मेसेज दिसला, "अर्जंट फोन कर" एवढंच लिहिलेलं. फोन पालथा ठेवला तरी पुढची दहा मिनिटं आपण नणंदेकडे असतो. समोर वाचला जाणारा हिशेब कोण ऐकतंय?

हिशेब न ऐकण्याची किंमत आपणच मोजतो. व्याज किती लागलं, गटाच्या खात्यावर शिल्लक किती, कोणाकडे किती येणं आहे, हे महिन्यातून एकदा सगळ्यांच्या कानावर पडतं म्हणून गोंधळ टळतो. ज्या गटात कोणी ऐकत नाही, तिथे हिशेब एकीच्याच डोक्यात राहतो. मग पुढे कधी घोटाळा झाला की तिच्यावर आळ येतो, किंवा तिने खरंच केला तरी कोणाला पत्ता लागत नाही.

फोन इतका ओढतो का?

"मन आवरत नाही, माझंच चुकतं," असं पुष्कळ जणी म्हणतात. तर थोडं त्याच्या मागचं कारणही समजून घेऊ.

बी. एफ. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. पिंजऱ्यातल्या कबुतराने एका बटणावर चोच मारली की दाणा पडायचा. प्रत्येक वेळी दाणा मिळणारं कबुतर, दाणा बंद झाल्यावर लवकरच चोच मारायचं थांबवायचं. पण ज्याला कधी मिळायचा, कधी नाही, कधी मिळेल याचा नेमच नव्हता, ते कबुतर मात्र दाणा बंद झाल्यावरही कितीतरी वेळ चोच मारतच राहायचं. मटक्याचा नाद सुटत नाही तो याच कारणाने. रोज लागला असता तर कंटाळा आला असता, कधीच लागला नसता तर सुटला असता. कधीतरी लागतो, म्हणून माणूस अडकतो.

रील बघताना आपलं तेच होतं. एक रील कंटाळवाणी, दुसरी तशीच, तिसरीत एक बाई काय मस्त ठसका मारते, आपण हसतो. मग बोट पुढं सरकतच राहतं. शिवाय तिथे शेवट नसतो. वर्तमानपत्र संपतं, मालिकेचा भाग संपतो, पण हे पान संपत नाही. खाली सरकवलं की नवीन येतच राहणार, ही युक्ती आझा रास्किन नावाच्या तंत्रज्ञाने २००६ साली काढली. आपण काय केलं हे कळल्यावर पुढे त्यानेच जाहीरपणे खंत व्यक्त केली.

रील फुकट असते, मग कंपनीला पैसा कुठून मिळतो? जाहिरातीतून. आपण जितका वेळ बघू, तितक्या जाहिराती दिसणार. म्हणजे त्या दुकानात विकायला ठेवलंय ते आपलं लक्ष. हुशार माणसं पगार घेऊन, आपण फोन खाली ठेवू नये म्हणून दिवसभर डोकं लावतात. तेव्हा मन आवरत नाही याची लाज वाटून घेऊ नका. पण एकटीने आवरायचं अवघड आहे, हेही ओळखा. ते सगळ्यांनी मिळून कसं जमतं ते पुढे बघू.

ग्रुपवर बारा जणी नसतात

आपल्या गटात समजा बारा जणी आहेत. बैठकीच्या खोलीत बारा जणी असतात. ग्रुपवर मात्र बारा घरं असतात. कारण पुष्कळ घरांत फोन बाईचा एकटीचा नसतो. नवरा बघतो, मुलगा बघतो, दीर रिचार्ज मारतो म्हणून तोही बघतो. बैठकीत एखादी विश्वासाने जे बोलते, ते ग्रुपवर लिहिलं तर संध्याकाळपर्यंत पारावर पोचलेलं असतं. कर्जाचा आकडा, थकबाकी, घरातली भांडणं, दुखणं, यातलं काहीही ग्रुपवर लिहायचं नाही, हा नियम प्रत्येक गटाने करायला हवा. थकलेल्या सदस्याचं नाव ग्रुपवर टाकणं तर अजिबात नको. त्याने पैसे वसूल होत नाहीत. ताई मात्र गट सोडून जाते.

दुसरी बाजू अशी की ग्रुपवर बाराही जणी नसतातच. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं, की देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाईल होता. खेड्यांत हे प्रमाण त्याहून कमी, सुमारे ४७ टक्के. त्यातही साधा बटणाचा फोन किती जणींकडे असेल! म्हणजे निर्णय ग्रुपवर घेतला की ज्या मावशींकडे साधा फोन आहे, ज्या ताईंना वाचता येत नाही, ज्या वहिनींचा फोन नवऱ्यासोबत ऊसतोडीला गेलाय, त्या सगळ्या बाहेर राहतात. आणि गट तर अशांसाठीच काढला होता.

(इथे थांबा. हात वर करून मोजा. स्वतःचा स्मार्टफोन किती जणींकडे? घरात मिळून एक फोन किती जणींकडे? साधा फोन किती? काहीच नाही, अशा किती? आकडे वहीत लिहा.)

निरोप खरा की खोटा?

१ जुलै २०१८ ची गोष्ट. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव आहे. आठवडी बाजाराचा दिवस होता. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज त्या काळात फोनवरून सगळीकडे फिरत होते. त्या दिवशी गावात भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण आले होते. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागून जगणारी माणसं. जमावाला संशय आला आणि पाचही जणांना मारून टाकलं. ते मुलं पळवणारे नव्हते.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा आणली. पण त्याने गेलेली माणसं परत आली नाहीत.

ही गोष्ट इथे का सांगितली? फोनवर आलेलं माणसाला समोर दिसणाऱ्या माणसापेक्षा खरं वाटायला लागलं, म्हणून. पाच माणसं समोर उभी होती. कुठल्या गावचे, कोणाचे कोण, हे शांतपणे विचारता आलं असतं. आपल्याकडे अनोळखी माणसाला आधी पाणी देऊन "कुठलं गाव?" विचारायची रीत आहे. त्या रीतीतच चौकशी होऊन जायची.

आपल्या ग्रुपवर असा काही मेसेज आला, मग तो मुलं पळवण्याचा असो, लसीचा असो, अमुक योजना बंद झाल्याचा असो की दुसऱ्या जातीधर्माच्या लोकांबद्दलचा, तर तो पुढे पाठवायचा नाही. सीआरपी ताईंना, आशाताईंना किंवा ग्रामसेवकांना विचारायचं, आणि बैठकीत बोलायचं. पैशाच्या बाबतीतही तेच. बँकेतून बोलतोय, पोलिसातून बोलतोय म्हणून कोणी ओटीपी मागितला, घाबरवलं, तर फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर लाज न धरता लगेच १९३० या नंबरवर तक्रार करायची. जितका उशीर होईल तितकं पैसे अडवणं अवघड होतं.

घरातल्या घरात

आता थोडं घराकडे वळू. बाळ बोलायला कसं शिकतं? ते "बा" म्हणतं, आपण "बाबा म्हण" म्हणतो, ते हसतं, आपण हसतो. हा चेंडू इकडून तिकडे जातो, त्यातून भाषा येते. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक प्रयोग केला. आईने आधी बाळाशी नेहमीसारखं खेळायचं, आणि मग दोनतीन मिनिटं त्याच्याकडे बघत चेहरा अगदी निर्विकार ठेवायचा. बाळ आधी हसून बघायचं, हात पुढे करायचं, आवाज काढायचं. आई तशीच राहिली की ते बेचैन व्हायचं, तोंड फिरवायचं, रडायला लागायचं. फोनमध्ये बुडालेला चेहरा बाळाला तसाच दिसत असेल की नाही, तुम्हीच सांगा. आणि हे फक्त आईचं काम नाही. बाप, आजोबा, आत्या, ज्याच्या मांडीवर बाळ असेल त्याने फोन बाजूला ठेवायचा.

लेकरू जेवत नाही म्हणून समोर फोन धरायची सवय घरोघर लागली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं आहे की एक वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन मुळीच दाखवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, त्याहून कमी असेल तर उत्तमच. हे सांगताना सुनेला दोष देऊ नका. सकाळपासून शेत, चूल, पाणी, गुरं सगळं एकटीवर पडलं की ती फोन देणारच. तिच्या हातातलं एक काम घरातल्या दुसऱ्याने घेतलं, तर फोन आपोआप सुटेल.

फोन काढून घेणं हा उपाय नाही

हा पाठ वाचून उद्या कोणी घरात म्हणेल, "बघ, गटातसुद्धा सांगितलंय, दे तो फोन इकडे." असं होता कामा नये. पुष्कळ घरांत फोनच्या वाईट सवयीचं नाव निघालं की पहिला फोन जातो तो मुलीचा किंवा सुनेचा. पोरगा मात्र रात्री एकपर्यंत गेम खेळत असतो.

बाईच्या हातातला फोन म्हणजे तिचं माहेर, तिचं बँक खातं, तिचा धंदा. अडचणीच्या वेळी ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ नंबर लावायची सोयही त्यातच आहे. म्हणून नियम करायचा तर घरातल्या सगळ्यांना सारखा करायचा, आणि कारभाऱ्यांपासून सुरुवात करायची. मुलीचा फोन काढून घेण्यापेक्षा तिच्याकडून वापरायला शिका. तिलाही बरं वाटेल, आणि ती काय बघते तेही आपोआप कळेल.

एकटीला जमत नाही, गावाला जमतं

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथे रोज संध्याकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजायला लागला. भोंगा वाजला की घरोघर टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा वाजला की सुरू. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा आपसात बोलायचं.

ही कल्पना पहिल्यांदा मांडली तेव्हा पुरुष मंडळी हसली होती. मग गावातल्या बायांना बोलावून त्यांच्याशी बोलणं झालं. आपणही मालिकांत गुंततो, हे त्यांनी मान्य केलं आणि तयारी दाखवली. त्यानंतर गावसभेत निर्णय झाला. आशाताई, अंगणवाडीताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरून समजावत राहिले, तेव्हा ते जमलं.

यातून शिकण्यासारखं काय? एका घराने फोन बंद ठेवला तर त्या घरातलं पोरगं शेजारी जाऊन बघतं. एका बाईने ठेवला तर तिलाच चुकल्या-चुकल्यासारखं होतं. सगळ्यांनी एकाच वेळी ठेवला की कोणाचंच काही चुकत नाही. बचतीचंही असंच होतं ना? एकटीचे शंभर रुपये घरात टिकत नव्हते, बारा जणींचे मिळून टिकले.

आपल्या गटासाठी पाच नियम

हे नमुन्याचे आहेत. बैठकीत चर्चा करा, पटतील ते घ्या, नसतील पटत तर बदला.

१. निरोप ग्रुपवर, निर्णय बैठकीत. कर्ज, दंड, नवीन सदस्य, खात्यातून पैसे काढणं यातला कोणताही ठराव ग्रुपवरच्या अंगठ्याने मंजूर होणार नाही. फारच तातडी असेल तर आधी पाच जणी तरी एका घरी जमतील, बाकीच्यांना फोन लावून प्रत्येकीचं म्हणणं ऐकतील आणि पुढच्या बैठकीत ते पुन्हा वाचून सह्या होतील.

२. बैठकीचा एक तास फोन टोपलीत. टोपलीवर लक्ष ठेवायची पाळी दर वेळी वेगळीची. ज्यांना खरी गरज आहे त्यांनी आधी सांगून फोन जवळ ठेवावा आणि बोलायला बाहेर जावं. बचत फोनवरून करायची असेल तर ती फोन ठेवण्याआधी.

३. पैसे फोनवरून पाठवले तरी बैठकीला यायचं. पैसे आले म्हणजे हजेरी लागली असं धरायचं नाही.

४. फोन नसलेल्या प्रत्येक सदस्यासाठी एक जोडीदारीण. निरोप आला की जोडीदारणीने घरी जाऊन सांगायचं. वाचता येत नसेल त्यांच्यासाठी सचिवांनी आवाजात निरोप टाकायचा.

५. ग्रुपवर कोणाचं कर्ज, थकबाकी, आधार, पासबुक, घरातली गोष्ट टाकायची नाही. सकाळची फुलं आणि सुविचारही कमीच बरे. शंभर फुलांत बँकेचा एक निरोप हरवतो.

करून बघा

दोघी-दोघींच्या जोड्या करा. पहिली दोन मिनिटं आजचा दिवस कसा गेला ते सांगेल. दुसरी त्या वेळी हातात फोन घेऊन मेसेज वाचत राहील आणि मध्ये मध्ये "हं, हं" म्हणेल. नंतर अदलाबदल करा. त्यानंतर पुन्हा दोन दोन मिनिटं, या वेळी फोन बाजूला ठेवून. मग प्रत्येकीने सांगायचं, पहिल्या वेळी बोलताना कसं वाटलं? बोलणं मध्येच थांबवावंसं वाटलं का? आणि ऐकणारीला काय काय आठवतंय?

चर्चेसाठी प्रश्न

१. मागच्या वर्षात आपण कोणते निर्णय फोनवर घेतले? ते समोर बसून घेतले असते तर वेगळे झाले असते का?

२. आपल्या गटातली कोणती ताई हल्ली बैठकीत गप्प असते? तिच्या घरी शेवटचं कोण गेलं होतं?

३. मोहित्यांच्या वडगावसारखं काही आपल्या गावात जमेल का? दीड तास नाही, तर अर्धा तास? ग्रामसंघात हा विषय कोण मांडेल?

४. घरातल्या पुरुषांशी हे कसं बोलायचं?

चर्चा झाल्यावर जे ठरेल ते इतिवृत्तात लिहा, मोठ्याने वाचून दाखवा आणि हजर असलेल्या प्रत्येकीची सही घ्या. ज्यांना अजून सही येत नाही त्यांना पुढच्या महिन्याच्या आत कोण शिकवणार, तिचं नावही तिथेच लिहा. तुमच्या गटाने कोणते नियम घेतले, कोणते सोडले आणि का, ते सीआरपी ताईंकडे लिहून द्या. पुढच्या अंकात आपण ते एकमेकींना सांगू.